दोघींनी समक्ष यावे

४ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच बाजूला ठेवलं असशील, मग भांडी आवरली असतील, मग पुन्हा हातात घेतलं असेल. आता उघडलंच आहेस तर बसून वाच. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही, आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. तुझा पत्ता मावसबहिणीकडून घेतला. द्यायला तयार नव्हती. तिच्या नातीच्या दोन फ्रॉकांची शिलाई सोडली, तेव्हा तोंड उघडलं.

बातमी अशी की टिकटिक दुकान सोडतोय. हो, तोच, आपल्या पुढच्या खोलीतला घड्याळवाला, आपला जागामालक. तू ठेवलेलं नाव त्याला इतकं चिकटलंय की आता गिऱ्हाइकंही तेच म्हणतात. भिंग लावून लावून एक डोळा बारीक झालाय बिचाऱ्याचा. मार्च संपला की मुलाकडे राहायला जायचं म्हणतो. परवा दुपारी मागच्या खोलीत आला, कापायच्या टेबलाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "पुढची खोली तुम्हालाच देऊ का? भाडं वाढवत नाही. फक्त अनामत मार्चअखेर द्या, म्हणजे जाताना हाताशी काही राहील."

माझी कात्री अर्ध्यावर थांबली. काच, धाकटे! रस्त्यावरची काच! मागच्या खोलीत भरदिवसा बल्ब लावून शिवताना तू म्हणायचीस, एक दिवस काचेत कोट टांगू आणि लोक चालता चालता थांबतील. त्या काचेसाठीच तर आपण खातं उघडलं होतं. दर शनिवारी गल्ल्यातलं थोडं काढून बँकेत टाकायचं आणि काच मिळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. तुझ्या बाळंतपणात लावला नाही. माझं मशीन मोडलं तेव्हाही लावला नाही. अठ्ठावीस वर्षं नुसतं टाकत राहिलो. मग तू गेलीस आणि मीही टाकायचं बंद केलं. आहे ते तिथेच आहे.

सूनबाई म्हणाली, "या वयात नवीन खोली कशाला घेता?" मी म्हटलं, याच वयात. मागे मला सुई ओवायला बल्बाच्या कुशीत शिरावं लागतं. पुढे उजेड फुकट आहे.

तर काल बँकेत जाऊन आले. पोस्टाशेजारची तीच इमारत. आत आता सगळीकडे काचा, आणि नंबराची चिठ्ठी देणारं एक यंत्र. दोन नंबरच्या खिडकीत एक चष्मेवाली बसते. चाळिशीची, नीटनेटकी. बाही ओढते तिला जरा, काखेत कमी सोडलंय कुणीतरी, पण बाई चांगली आहे. पासबुक उलटसुलट बघून म्हणाली, "मावशी, हे खातं झोपलंय. चौदा वर्षं कुणी शिवलंच नाही याला."

मी म्हटलं, "मग उठवा."

"उठेल की. हा फॉर्म भरा, ओळखपत्र आणा. दोघींच्या नावावर आहे, पण कुणा एकीची सही चालेल."

इतकं सोपं आहे सगळं. मग तुला पत्र कशाला, असं म्हणशील. खातं तुझंही आहे म्हणून. अनामतीपुरतं मी काढते, उरलेलं तुला पाठवते. हे विचारत नाहीये, सांगतेय. बाकी जुनं काही उकरायची माझी इच्छा नाही. त्या कोटाचं तर नावच नको. माणसाच्या हातून चुका व्हायच्याच.

ताई

१२ फेब्रुवारी

धाकटे,

एक ना धड भाराभर चिंध्या! आपल्या दुकानातला पसारा परवडला, त्याला निदान कापडाचा वास तरी असतो.

फॉर्म भरला, ओळखपत्र घेतलं, बरे कपडे घातले आणि गेले. तर चष्मेवाली रजेवर. तिच्या जागी एक मिशीवाले साहेब. मिशी अशी की मापाला टेप लागावी. त्यांनी फॉर्म पाहिला आणि माझ्या मागे पाहिलं, जणू माझ्या पाठीशी कुणी लपलंय.

"दुसऱ्या खातेदार कुठे आहेत?"

"परगावी."

"मग त्या आल्या की या. झोपलेलं खातं उठवायचं तर दोघींनी समक्ष यावं लागतं."

"परवा इथल्या बाई म्हणाल्या, एकीची सही चालते."

"त्या पैसे काढायचं सांगत असतील. काढायला एक चालते, उठवायला दोघी लागतात."

"मग मी एकटी आधी काढते आणि मग उठवू."

"झोपलेल्यातून काढता येत नाही."

"मग एकीची सही चालते तरी कधी?"

"खातं जागं असताना," ते म्हणाले आणि पुढचा नंबर पुकारला.

मी सोडते होय? चौकशीच्या टेबलाशी गेले. तिथे एक नवीन पोरगी आहे, सदा हसरी. कुणी दात काढायला बसवलंय की काय असं वाटतं. म्हणाली, "आजी, समक्ष कुणी सांगितलं? फॉर्मच्या मागच्या बाजूला दोघींच्या सह्या हव्यात, एवढंच. पोस्टाने मागवून घ्या ना." आजी म्हणाली मला! सहासष्ट वर्षांची बाई आजी असते, हे मान्य आहे, पण ते सांगायला बँकेचा पगार घ्यायला नको.

मी मिशीवाल्यांकडे बोट दाखवलं. ती हळूच म्हणाली, "ते जुन्या नियमातलं सांगतात." मिशीवाल्यांचे कान तिखट. तिथूनच म्हणाले, "त्या नवीन आहेत, त्यांना अजून नियम माहीत नाहीत." आणि दोघंही माझ्याकडे बघून इतकं गोड हसले की मला आपलं वरपक्षाकडच्यांसमोर बसल्यासारखं वाटलं.

दारात जो रखवालदार असतो तो हे सगळं बघत होता. दार उघडून धरत म्हणाला, "बाई, एकवीस वर्षं मी या दारात उभा आहे. इथे चार जणांना विचारलं की पाच उत्तरं मिळतात. त्यातलं आपल्याला पटेल ते धरायचं, आणि ज्याचं असेल त्याच्याच खिडकीत परत जायचं. माणसं वाईट नाहीत." या बँकेत अक्कल असलेला माणूस बाहेर उभा केलाय बघ.

मला तूर्त हसरीचं पटलंय. म्हणून सोबत फॉर्म आहे. मागच्या बाजूला पेन्सिलीने फुली केली आहे तिथे तुझी सही कर, माझी मी बँकेत करेन. तिकीट लावलेलं पाकीटही घातलंय, तुला खर्च नको. पुढच्या बाजूचा एक रकाना कोरा राहिलाय, "खातेदारांचे परस्पर नाते". काय लिहावं ते सुचेना. नंतर भरेन.

आणि तू अजून रागात असशील तर एकच सांगते. टाळी एका हाताने वाजत नाही. कोट कापला तू, बोलले मी. फिटलं की दोघींचं.

ताई

२२ फेब्रुवारी

धाकटे,

पोस्टमन हल्ली मला बघून पलीकडच्या फुटपाथने जातो. त्याचं काय चुकलं! रोज दारात उभी राहून "आहे का?" विचारणारी बाई कुणाला आवडेल?

तुझं उत्तर नाही, पण माझी पत्रंही परत आलेली नाहीत. म्हणजे पत्ता बरोबर आहे आणि घरात माणूस आहे. यावर मी समाधान मानून होते. पण बुधवारी बँकेत एक गोष्ट झाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी आपली विचारायला गेले होते की पोस्टाने सही यायला उशीर झाला तर चालेल का. मिशीवाले म्हणाले, कितीही उशीर झाला तरी चालेल, कारण पोस्टाची सही मुळात चालतच नाही. मग हसरीकडे गेले. तिने तुझं वय विचारलं. एकसष्ट, मी म्हटलं. ती जरा थांबली, पहिल्यांदाच हसायची थांबली, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आजी, त्या आहेत ना? नाही, म्हणजे वाईट वाटून घेऊ नका, पण नसतील तर खूप सोपं जातं. दाखला जोडला की खातं तुमच्या एकटीच्या नावावर. अर्ध्या तासाचं काम आहे."

पोरीने भल्यासाठीच सांगितलं, मला कळतं. पण मी इतक्या जोरात "आहे! ठणठणीत आहे!" म्हणाले की नोटा मोजायचं यंत्र तेवढं चालू राहिलं, बाकी सगळी बँक गप्प. रखवालदाराने आत डोकावून पाहिलं.

बाहेर आले आणि पायरीवर बसले. कारण मला माहीत होतं कुठे? तू आहेस हे मी कशावरून सांगितलं? तिकीट लावलेली दोन पाकिटं पाठवली म्हणजे माणूस असतो का पलीकडे? चौदा वर्षांत तुझ्या गुडघ्याचं काय झालं, तुझे केस किती पिकले, यातलं मला काहीही ठाऊक नाही, आणि मी आपली कापड विकल्यासारखी ठणठणीत म्हणून मोकळी झाले.

टिकटिकच्या दुकानातून मावसबहिणीला फोन लावला. ती म्हणाली, महिन्यापूर्वीच तू तिला बाजारात दिसलीस आणि भाजीवाल्याशी पाव किलोवरून भांडत होतीस. माझा जीव भांड्यात पडला. टिकटिकने काही न विचारता त्याचं स्टूल पुढे सरकवलं. मी तिथेच बसले, त्या काचेच्या आत, आणि रस्ता बघत राहिले. पहिल्यांदाच आतून पाहिला. दुपारी तीनपर्यंत ऊन टेबलावर असतं, धाकटे. काळ्या कापडावर काळा दोरा दिसेल.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मला तुझ्याकडून काही नको. ते खरं नव्हतं.

चष्मेवाली रजेवरून आली आहे. ती म्हणते, तिचंच खरं, एकीची सही पुरे, सोमवारी फॉर्म घेऊन या, मी बघते. म्हणजे तुला त्रास द्यायची गरजच नाही म्हणायची. बरंच झालं. तरी तू सही पाठवलीस तर ठेवून घेईन.

ताई

३ मार्च

धाकटे,

आधी बस. मी उभी राहून लिहितेय, कारण बसले की पुन्हा हसू येतं.

सोमवारी नवीन फॉर्म भरून चष्मेवालीसमोर सही केली, माझी नेहमीची, पावत्यांवर करते ती, उंदराने कुरतडल्यासारखी. तिने समोरच्या पडद्यावर पाहिलं, फॉर्मवर पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "मावशी, सही जुळत नाही."

"बेचाळीस वर्षांत बदलली असेल."

"इतकी?"

मिशीवाले उठून आले. म्हणाले, "जुन्यासारखी करून बघा." मी म्हटलं, जुनी कशी होती ते दाखवा, करते. "ते दाखवता येत नाही, नियम नाही." हसरी तिच्या टेबलावरून म्हणाली, "आजी, नवीन सही नोंदवायचा अर्ज द्या, सोपं आहे." मिशीवाले म्हणाले, "त्या अर्जावर जुनी सही लागते." मग ते तिघं आपापसात सुरू झाले. माझ्यामागे सात माणसं रांगेत, आणि कुणीही कुरकुर करत नव्हतं. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

शेवटी चष्मेवाली वैतागली. मागच्या कपाटातून मूळ कार्ड घेऊन आली, पिवळं पडलेलं, कोपऱ्यात शाईचा डाग. मिशीवाल्यांकडे पाठ केली आणि कार्ड माझ्यासमोर ठेवलं. "बघा, आठवतंय का हात."

दोन सह्या होत्या. वर माझं नाव, खाली तुझं. एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या. माझ्या नावाच्या शेवटच्या अक्षराला लांब शेपटी, सुईतून निघालेल्या दोऱ्यासारखी. ती शेपटी मी जन्मात कधी काढली नाही. ती तुझी आहे. गिऱ्हाइकांच्या पावत्यांवर माझ्या नावाने तूच काढायचीस, कारण मला लिहायचा कंटाळा.

आणि मला सगळं आठवलं. त्याच सकाळी माझ्या बोटातून मशीनची सुई आरपार गेली होती. उजव्या हाताचं हे एवढं गाठोडं बांधलेलं. मी तशीच बँकेत आले, घेरी येत होती म्हणून बाकावर डोळे मिटून बसले. आपले बाबा तेव्हाच्या बँकेच्या साहेबांच्या कोटाची कॉलर चाचपत सांगत होते, "शिवलाय बरा, पण माझ्या पोरी याहून चांगला शिवतील." साहेब आपल्या कॉलरकडे बघत बसले आणि तू पेन उचललंस आणि दोन्ही सह्या ठोकून दिल्यास. एकोणीस वर्षांची होतीस. नंतर आपण फक्त भरत गेलो, काढलं कधीच नाही, म्हणून सही कुणी ताडून पाहिलीच नाही.

मी हसले, धाकटे. पोट धरून हसले. हसरीने पाणी आणलं. चष्मेवाली घाबरून म्हणाली, "मावशी, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, तरुणपणची सही बघून भरून आलं." खरं सांगितलं असतं तर तिघांनी मिळून सहा नवीन नियम काढले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एकीची सही चालते, पण माझी चालत नाही. तुझी चालते, आणि माझीही तूच केलीस तर चालते. त्या बँकेत बेचाळीस वर्षं मी म्हणजे तूच आहेस.

घरी येताना मात्र हसू ओसरलं. तुझ्या हातातलं माझं नाव डोळ्यांसमोरून जाईना. किती नीट काढलं होतंस, स्वतःच्या नावापेक्षा नीट. आणि मी काय केलं ते आता लिहिते. मागच्या पत्रांत मी जे जे आडवळणाने लिहिलं, ते सगळं पुसून टाक.

हेडमास्तरांचा निवृत्तीचा कोट तू चुकीचा कापला नव्हतास. माप चुकलं होतं, आणि माप मी घेतलं होतं. त्या दिवशी त्यांच्या अंगात जाड स्वेटर होता. त्यांनी विचारलं, "काढू का?" आणि मी घाईत म्हटलं, "राहू द्या." स्वेटरवरून माप घेऊ नये, हे मीच तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. वहीत मी जे आकडे लिहिले, ते तू बिनचूक कापलेस. कोट अंगावर चढला तो पोत्यासारखा, खांदे उतरलेले, आणि मी तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "हिच्या हातात कात्री दिली, हीच माझी चूक." तू कात्री टेबलावर ठेवलीस, पातं मिटून, टोक आपल्याकडे करून, जशी नेहमी ठेवायचीस तशी. आणि दुकानातून निघून गेलीस.

मला हे कधी कळलं ते ऐक. चौथ्याच दिवशी. हेडमास्तर पुन्हा माप द्यायला आले आणि स्वतःच म्हणाले, "त्या दिवशी स्वेटर होता ना, म्हणून झालं असेल." तू तेव्हा गावातच होतीस. आणखी चार दिवस होतीस, सामान बांधत होतीस. माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत दहा मिनिटं लागतात. मी ती दहा मिनिटं चालले नाही. आधी लाज वाटली, मग उशीर झाला असं वाटलं, आणि मग इतका उशीर झाला की मी स्वतःलाच सांगत सुटले, चूक दोघींची होती.

तू माझं नाव सांभाळून लिहिलंस आणि मी माझी चूक तुझ्या नावावर टाकली. माझं चुकलं, धाकटे. फार चुकलं.

या पत्रासोबत काहीही जोडलेलं नाही.

ताई

१४ मार्च

धाकटे,

पोस्टमन परवा माझ्या बाजूच्या फुटपाथने आला. लांबूनच पाकीट हलवून दाखवलं त्याने.

तुझा फॉर्म मिळाला. आत चिठ्ठी नाही, हे मी पाकीट उलटं करून, झटकून, उजेडात धरून तीनदा पाहिलं. मग फॉर्म टेबलावर ठेवून नीट बघायला लागले, आणि बघता बघता इस्त्री गार झाली.

फॉर्म चौकोनी घडी घालून टाचणीने टाचलेला होता. कागदी नमुने टाचायचो तशी आडवी टाचणी, टोक आतल्या घडीत लपवलेलं, उघडणाऱ्याला टोचू नये म्हणून. तुझ्या तिकडच्या कपड्यांच्या कारखान्यात सगळं यंत्राने टाचतात असं मावसबहीण म्हणत होती. मग टाचणी कुठून आणलीस?

माझी पेन्सिलीची फुली तू खोडरबराने पुसलीस. त्या जागी दोन सह्या आहेत. खाली तुझी, जराशी थरथरलेली. वर माझी. शेपटीसकट. कार्डावरच्या सहीशी तंतोतंत. मी त्याखाली कागद धरून स्वतः तशी काढून बघितली, तर उंदीर पुन्हा हजर.

आणि पुढच्या बाजूचा रकाना, तो मी कोरा सोडला होता तो, त्यात तू लिहिलंयस, "सख्ख्या बहिणी". खाली रेघ मारली आहेस. रेघ इतकी दाबून मारलीस की मागच्या बाजूला उमटली आहे. मी तिच्यावरून बोट फिरवलं. चांगली पाच मिनिटं फिरवलं असेल. मग रडले, मग सूनबाईला सांगितलं की कांदा चिरत होते. ती म्हणाली, "शिवणाच्या टेबलावर?"

तर आता सगळं जमलं. फॉर्म चष्मेवालीच्या खिडकीत द्यायचा, ती सही जुळवेल, खातं उठेल, अनामत भरायची, काच माझी. तू ते काम माझ्यासाठी अगदी सोपं करून पाठवलंस. तुला यायला नको, बोलायला नको, तोंड बघायला नको. तुझी शिलाई कायमच अशी, आतून बाहेरून सारखी साफ. खोट काढायला जागा नाही.

पण मी तो फॉर्म देणार नाही.

काल बँकेत गेले होते, फॉर्म पिशवीतच होता. चष्मेवालीने हात पुढे केला. मी म्हटलं, "थांबा," आणि मिशीवाल्यांच्या खिडकीत गेले. "साहेब, झोपलेलं खातं उठवायला काय लागतं ते पुन्हा सांगा."

त्यांनी संशयाने पाहिलं. "दोघींनी समक्ष यावं लागतं. सही इथे, माझ्यासमोर, नव्या कार्डावर."

"पोस्टाने आलेली चालत नाही?"

"चालत नाही."

"अगदी नाही?"

"अगदी नाही."

"बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. ते इतके चकित झाले की मिशीचं एक टोक खाली आलं. आजवर कुणी त्यांना असं म्हटलं नसावं. हसरी तिच्या टेबलावरून ओरडली, "आजी, अहो चालते!" चष्मेवाली म्हणाली, "मावशी, आणा इकडे, मी करते ना." मी कुणाचं ऐकलं नाही. रखवालदाराने दार उघडून धरलं आणि हसला. त्याला कळलं असावं. शेवटी सल्ला त्याचाच होता, पाच उत्तरांतलं आपल्याला पटेल ते धरायचं. मी ते धरलंय ज्यात तुला यावं लागतं.

टिकटिकला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एकतीसपर्यंत खोली तुमची. त्यानंतर चपलांचा दुकानदार मागे लागलाय, मला नाही म्हणता येणार नाही." म्हणजे धोका आहे, मला माहीत आहे. खोली गेली तर गेली. मागच्या खोलीत मी बेचाळीस वर्षं काढली आणि खोटं कशाला सांगू, सुखाने काढली. दोन बल्ब आणखी लावीन. पण तुझ्या हातची माझी सही घेऊन एकटीने काचेत बसायचं, हे मला जमायचं नाही. आणि नव्या कार्डावर मला माझी सही माझ्या हाताने करायची आहे, उंदीर तर उंदीर. तू शेजारी बसून नाक मुरड.

गाडी सकाळी पोचते, एकतीसपर्यंत रोज मी स्टेशनवर असेन. यायचं नसेल तरी कळव, पण कळव समक्ष येऊन.

कापड काढून ठेवलंय. गडद निळं, तुझ्यासाठी ठेवून दिलेलं, कधीपासून ते विचारू नकोस. कोट शिवणार आहे तुझा, काच मिळो न मिळो. वहीत तुझं माप आहे, पण ते चौदा वर्षांपूर्वीचं. नवं घ्यावं लागेल. प्रवासात थंडी वाजेल, स्वेटर घालूनच ये. मात्र माप घेताना तो काढायला लावीन, आणि मी विसरलेच तर तू मला आठवण करून दे.

ताई